लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून, इ.स. १८६९, मृत्यू : पुणे, २६ सप्टेंबर, इ.स. १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बिडाचा नांगर महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या हाती देणारे कारखानदार म्हणून ते प्रसिद्ध आहेत. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी इ.स. १९१० मध्ये वसवली. त्यांच्या नांगराविषयी पुष्कळ लिहिले जाते, मात्र तो नांगर ज्या ओतशाळेतून बाहेर पडला तिच्यातील कामाचे शास्त्र सहसा वगळले जाते. वितळलेल्या लोखंडावर मळीचा थर कसा येतो आणि तो वेळेवर वेगळा न केल्यास काय होते, हे समजल्याशिवाय त्या नांगराच्या यशापयशाचा उलगडा होत नाही. म्हणून ही बाजू येथे काहीशा विस्ताराने दिली आहे.

बालपण व शिक्षण

गुर्लहोसूर हे मलप्रभा नदीकाठचे गाव. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही याच गावी झाला होता. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचा ओढा मात्र शाळेतील अभ्यासापेक्षा चित्रकलेकडे व यंत्रांकडे अधिक होता. इ.स. १८८५ मध्ये ते मुंबईस जाऊन सर जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले, आणि चित्रकार होण्याचा विचार सोडावा लागला. रेखाटनाचा हात चांगला असल्याने ते यांत्रिक आरेखनाकडे वळले व पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे शिक्षक झाले. संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि पुन्हा जोडण्याची संधी त्यांना मिळाली. त्यांचे खरे शिक्षण तेथेच झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

मुंबईत असतानाच त्यांनी बेळगावी राहणारे बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने सायकलविक्रीचा व्यवसाय सुरू केला. इ.स. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानापासून किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ मानला जातो. नोकरीत बढतीची पाळी आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीस देण्यात आली. लक्ष्मणरावांनी इ.स. १८९७ मध्ये राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगावातील काळ

सायकलींच्या दुकानाला जोडूनच त्यांनी लहानसा कारखाना काढला. कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिले शेती-अवजार होय. त्यानंतर इ.स. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. इंग्लंडहून येणारे नांगर त्यांनी पाहिले होते. लाकडी नांगराने जमिनीचा वरचा थर उकरला जातो, परंतु माती उलटत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात व लाकडी नांगर त्यांच्यावरून निघून जातो. लोखंडी नांगराचा फाळ माती कापतो आणि त्यामागची वाकडी पाटी ती पालथी घालते, त्यामुळे मुळ्या उन्हात येऊन वाळतात.

असे असूनही हा नांगर विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते व पीक बुडते अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. तयार नांगर दुकानात पडून राहिले आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या समजुतीला केवळ अडाणीपणा म्हणून हसणे योग्य नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, त्याने पूर्वी न वापरलेल्या वस्तूविषयी संशय बाळगणे स्वाभाविक होते. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करीत असे. बिडाचा फाळ दगडावर आपटून तुटला तर तो सांधणे गावच्या लोहाराच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून फाळ मुळातच निर्दोष निघणे ही या धंद्याची पहिली अट होती.

व्यवसायाचा जम बसू लागला तोच नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याची सूचना बेळगाव नगरपालिकेकडून आली. कारखाना कोठे हलवावा हा प्रश्न उभा राहिला. या सुमारास औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा संबंध आला होता. औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांनी केले होते. बाळासाहेबांनी त्यांना संस्थानच्या हद्दीत जागा देऊ केली, तसेच दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोयही झाली.

किर्लोस्करवाडीची स्थापना

मिळालेली जागा कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ होती. सुमारे ३२ एकरांचा तो माळ निवडुंगाने भरलेला होता आणि सापांचा तेथे सुळसुळाट होता. औंध संस्थानाचा हा तुकडा ब्रिटिश मुलखातील सातारा जिल्ह्याच्या गावांनी वेढलेला होता. संस्थाने विलीन झाल्यावर हा भाग इ.स. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, आणि त्या जिल्ह्याचे नाव इ.स. १९६० मध्ये सांगली असे झाले. किर्लोस्करवाडी आज पलूस तालुक्यात मोडते. जुन्या कागदांत सातारा व नव्या पुस्तकांत सांगली असा जो फरक विद्यार्थ्यांना आढळतो, त्याचे कारण हे आहे.

१० मार्च, इ.स. १९१० ही वसाहतीच्या स्थापनेची तारीख मानली जाते. बेळगावहून कामगार, त्यांची कुटुंबे आणि यंत्रसामग्री येथे आली. शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर आणि के.के. कुलकर्णी हे लक्ष्मणरावांचे प्रमुख सहकारी होते. यांपैकी बहुतेकांनी यंत्रविद्येची पदवी घेतलेली नव्हती, ते कामातूनच शिकले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी माळावरील या पहिल्या बिऱ्हाडांची काळजी वाहिली.

ओतशाळेतील काम

बीड वितळवण्यासाठी क्यूपोला नावाची उभी भट्टी वापरतात. बाहेर लोखंडी पत्र्याचे नळकांडे आणि आत उष्णता सोसणाऱ्या विटांचे अस्तर अशी तिची रचना असते. वरच्या तोंडातून आळीपाळीने कोक, बीड आणि चुनखडी यांचे थर टाकतात व खालच्या बाजूने भात्याचा वारा सोडतात. बीड सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. वितळलेला रस जळत्या कोकमधून झिरपत भट्टीच्या तळाशी जमतो.

हा रस एकटा नसतो. कोकची राख, जुन्या लोखंडाला चिकटलेली वाळू, गंज आणि विटांच्या अस्तराचा झिजलेला अंश हे सर्व त्याच्याबरोबर खाली येतात. या पदार्थांत सिलिकेचे प्रमाण मोठे असते. सिलिका एकटी सहजासहजी वितळत नाही, आणि अर्धवट वितळली तर चिकट गोळ्यासारखी राहते. चुनखडीचे काम येथे सुरू होते. तापून तिचा चुना होतो आणि तो सिलिकेशी व राखेशी संयोग पावून पातळ धातुमळी तयार करतो. तळाशी आता दोन द्रव पदार्थ एकत्र आलेले असतात. बीड पाण्याच्या सुमारे सातपट जड असते, तर धातुमळी अडीच ते तीनपट. ते एकमेकांत विरघळत नाहीत. त्यामुळे जड रस खाली बसतो आणि हलकी मळी त्यावर तरंगते. भट्टीला म्हणूनच दोन वेगवेगळी छिद्रे असतात. मळीचे छिद्र वरच्या पातळीवर असते आणि रसाचे अगदी तळाशी.

वर्णन सोपे वाटले तरी थर आपोआप आणि तत्काळ पडत नाहीत. एका द्रवात अडकलेला दुसऱ्या पदार्थाचा कण किती वेगाने वर किंवा खाली जाईल, याचा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने इ.स. १८५१ मध्ये मांडला. दोन पदार्थांच्या घनतेत जितका फरक अधिक, तितका वेग अधिक. द्रव जितका घट्ट, तितका वेग कमी. कणाच्या आकाराचा परिणाम तर फारच मोठा असतो. कण दुप्पट मोठा असला की वेग चौपट होतो आणि निम्मा असला की चौथाई. तेव्हा मळीचा मोठा थेंब चटकन वर येतो, परंतु बारीक थेंब रसात रेंगाळतो. त्यातच रस थंड होऊ लागला तर तो थेंब जेथे असेल तेथेच अडकतो.

सातारा व सांगली भागातील वाचकाला ही क्रिया अपरिचित नाही. पावसाळ्यात कृष्णेचे गढूळ पाणी घरी आणून त्यात तुरटी फिरवण्याची किंवा निवळीचे बी उगाळण्याची पद्धत होती. तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून मोठे होतात आणि लवकर तळाशी बसतात. गुऱ्हाळात याच्या उलट दिशेने काम चालते. काहिलीतील उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी एकत्र येऊन वर तरंगते आणि गुळव्या ती काढून टाकतो. गुळव्याला मळी केव्हा काढावी हे जसे डोळ्यांनी कळते, तसेच ओतशाळेतील जाणत्या कारागिराला रसाच्या रंगावरून आणि वरच्या थराच्या पोतावरून ओतण्याची वेळ कळत असे. फरक इतकाच की गुळाचा एक आधण बिघडला तर तो कमी भावाने खपतो, सदोष फाळ मात्र पेरणीच्या तोंडावर शेतात तुटतो.

भट्टीतून रस ओतण्याच्या भांड्यात घेतल्यावर तो थोडा वेळ स्थिर ठेवतात. तेवढ्या वेळात राहिलेली मळी वर येते आणि ती सळईने बाजूला सारली जाते. फार वेळ थांबावे तर रस गार होऊन साच्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. न थांबावे तर मळी फाळात जाते. फाळाच्या पोटात राहिलेला मळीचा कण बाहेरून दिसत नाही. दगडाचा आघात बसला की तडा तेथूनच जातो. ओतकामात आणखी एक दक्षता घेतात. साच्यात गेल्यावरही उरलीसुरली घाण वरच्या बाजूकडे सरकते, म्हणून वस्तूची जी बाजू झीज सोसणार असेल ती साच्यात खाली ठेवतात.

नांगराच्या फाळाच्या बाबतीत या खालच्या बाजूचे आणखी एक महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम याने इ.स. १८०३ मध्ये अशी युक्ती शोधली होती की साच्याचा तळ वाळूऐवजी लोखंडाचा ठेवावा. थंड लोखंडाला भिडलेला रस झटकन गोठून अतिशय कठीण होतो, तर वरचा भाग सावकाश गोठून मऊ राहतो. असा फाळ चालवताना मऊ बाजू आधी झिजते आणि कठीण कड धारदार राहते. परंतु त्या कठीण थरात मळी शिरली असेल तर ही सारी युक्ती वाया जाते, कारण कठीण बीड ठिसूळही असते. परदेशी नांगरांशी स्पर्धा करताना किर्लोस्करांपुढे आकार हुबेहूब उतरवण्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता. फाळाचे बीड त्यांच्या तोडीचे काढणे ही खरी कसोटी होती.

पहिल्या महायुद्धाचा काळ

इ.स. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आयात घटल्याने किर्लोस्कर नांगरांना मागणी वाढली, पण त्याच वेळी कच्चे बीड, कोक आणि रंग यांचा तुटवडा पडला. मागणी असूनही भट्टी विझण्याची वेळ आली. या अडचणीतून वाट काढण्यासाठी कोकऐवजी लोणारी कोळसा वापरण्याचे प्रयोग किर्लोस्करवाडीत झाले आणि रंगही कारखान्यातच तयार करण्यात येऊ लागला. कोल्हापूर संस्थानातील गडांवर पडून असलेल्या निकामी तोफा राजर्षी शाहू महाराजांनी नांगरांसाठी दिल्या, अशी हकीकत या भागात आजही सांगितली जाते.

हे बदल वाटतात तितके साधे नव्हते. लोणारी कोळशात राख व गंधक कमी असते, हा त्याचा गुण. मात्र तो हलका व ठिसूळ असल्याने वरच्या धातूच्या भाराखाली त्याचा चुरा होतो आणि भट्टीतील वाऱ्याची वाट बुजते. वारा अडला की रस पुरेसा तापत नाही. न तापलेला रस घट्ट राहतो आणि घट्ट रसातून मळी वर येत नाही. गंजलेल्या जुन्या लोखंडाने अडचणीत भरच पडते, कारण गंजाचा मोठा भाग मळीतच जातो. अशा मालासाठी चुनखडीचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. चुनखडी कमी पडली तर मळी चिकट राहते, जास्त झाली तर विटांचे अस्तर खाल्ले जाते. हे गणित पुस्तकातून न घेता भट्टीवरच सोडवणाऱ्या कामगारांचे श्रेय मोठे आहे, आणि कारखानदाराच्या चरित्रात ते बहुधा अनुल्लेखित राहते. युद्ध संपले तेव्हा किर्लोस्कर नांगर महाराष्ट्रभर स्थिरावला होता.

विस्तार

इ.स. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीने उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि पुढे यंत्रावर चालणारे पंप तयार होऊ लागले. पंपाचे कवच बिडाचेच असते आणि त्यात मळीमुळे पोकळी राहिली तर दाबाखाली पाणी झिरपते. म्हणजे नांगरासाठी कमावलेले ओतकामाचे कौशल्य पंपाला अधिकच काटेकोरपणे लागू पडले.

नांगराच्या प्रसारात कर्मवीर भाऊराव पाटील यांचाही वाटा होता. रयत शिक्षण संस्था स्थापन करण्यापूर्वी ते किर्लोस्करांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले होते. नंतर सातारारोड येथील धनजीशा कूपर यांच्या नांगर कारखान्याशी त्यांचा संबंध आला. सातारा जिल्ह्यात अशा रीतीने नांगर ओतणारा दुसरा मोठा कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करांना जवळचा प्रतिस्पर्धी मिळाला. औंधच्या बाळासाहेबांनी याच काळात कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या काच कारखान्यालाही आधार दिला, याची नोंद येथे करणे उचित होईल.

पुतणे शंकरराव यांनी इ.स. १९२० मध्ये सुरू केलेले किर्लोस्कर खबर हे प्रारंभी कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्र होते. त्यातूनच किर्लोस्कर मासिक घडले. इ.स. १९३० मध्ये स्त्री आणि इ.स. १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला किर्लोस्करवाडी प्रथम या मासिकांमुळे कळते आणि नांगरांमुळे नंतर, हा एक गमतीचा भाग आहे.

वसाहतीतील जीवन

किर्लोस्करवाडीत कामगारांसाठी घरे, शाळा व पाण्याची व्यवस्था करण्यात आली. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना त्यांनी वसाहतीच्या राखणीचे काम दिले, आणि त्या दोघांनी ते विश्वासाने केले. स्वतः लक्ष्मणराव देवधर्माच्या कर्मकांडापासून दूर होते. एका अर्थाने ही वसाहत मालकाच्या मर्जीवर चालत असे, आणि आजच्या दृष्टीने त्या व्यवस्थेच्या मर्यादाही दिसतात. तरीही तत्कालीन खेड्यांच्या तुलनेत तेथील मोकळेपणा लक्षणीय होता.

उत्तरायुष्य

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (इ.स. १९०३–१९९४) हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्रविद्येची पदवी घेऊन इ.स. १९२६ मध्ये परतले. हळूहळू कारभार त्यांच्याकडे गेला. इ.स. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, तर इ.स. १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या.

३० जानेवारी, इ.स. १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. त्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली. निवडुंगाच्या माळावर उभारलेल्या वास्तूची राख लक्ष्मणरावांना वयाच्या ७९ व्या वर्षी पाहावी लागली. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि उत्पादन सुरू झाले.

२६ सप्टेंबर, इ.स. १९५६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून, इ.स. १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडी येथील कारखान्यात आज प्रामुख्याने पंप तयार होतात. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी असे करण्यात आले आहे.